भूक मरते तेव्हा

२०१७ च्या डिसेंबरात आप्पांचे जठर काढून टाकावे लागले. कर्करोग जठराच्या मधल्या भागात होता आणि थोडा भाग राखून ठेवण्यापेक्षा ते संपूर्ण काढणेच श्रेयस्कर, असे शल्यविशारदांचे मत पडले. अन्ननलिकेचे खालचे टोक थेट लहान आतड्याला जोडण्यात आले. तीन आठवड्यांनी आम्ही आप्पांना फैजपूरला घरी आणले. थंडीचे दिवस होते. शेतातून हिरवी, बोजड भरताची वांगी आली होती. माय काट्यांवर वांगी भाजत होती आणि तो धूर सबंध अंगणात पसरला होता. एरवी एवढ्या वासावर आप्पा शेतातले काम टाकून घरी आले असते. खान्देशात भरिताची पंगत हा हिवाळ्याचा सणच असतो आणि आप्पा त्या पंगतीतले नामांकित जेवणारे. त्या दिवशी ते ओसरीवर बसून धुराकडे पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "वास येतो रे. चांगला येतो. पण भूक म्हणून काही लागतच नाही."

पुढच्या तपासणीच्या वेळी मी हे डॉक्टरांना सांगितले. मला वाटले होते, ते अशक्तपणाचे किंवा औषधांचे कारण सांगतील. तेही त्यांनी सांगितले. पण आधी ते सहज म्हणाले, "भूक लावणाऱ्या पेशी जठराच्या अस्तरात असतात. जठराबरोबर त्याही गेल्या." आणि त्यांनी पुढचा कागद हाती घेतला.

मी साहित्याचा शिक्षक. 'भूक' या शब्दाशी माझा संबंध आजवर दोन प्रकारांनी आला होता. एक म्हणजे माझे स्वतःचे पोट, आणि दुसरा म्हणजे दलित आणि ग्रामीण साहित्याच्या तासाला फळ्यावर लिहिलेला एक विषय. भूक म्हणजे पोट रिकामे असणे, असे मी धरून चाललो होतो. आप्पांचे पोट तर आता कधी नव्हे इतके रिकामे होते, पोटाची पिशवीच उरली नव्हती, आणि तरीही भूक नव्हती. म्हणजे भूक ही रिकामेपणाहून निराळी अशी काही वस्तू आहे, ती कुठेतरी तयार होते, आणि ती तयार करणारी जागा कापून बाजूला ठेवता येते. ही गोष्ट मला काही केल्या पचेना.

*

प्रथम मी भाषेकडे वळलो. ज्याचा त्याचा धंदा.

मराठीत आपण भूक 'करत' नाही. रोजच्या बोलण्यात ती 'लागते'. 'मला भूक लागली' या वाक्यात भूक कर्ता आहे आणि मी चतुर्थीत बसलेला आहे. ठेच लागते, ऊन लागते, उचकी लागते, वेड लागते. ज्या गोष्टी आपल्या इच्छेवाचून आपल्यावर येऊन आदळतात, त्यांच्या रांगेत भाषेने भुकेला बसवले आहे. पुढची क्रियापदेही पाहण्यासारखी आहेत. भूक खवळते, भागते, मोडते आणि मरते. जी खवळते आणि मरते ती वस्तू सजीवच असली पाहिजे. पोटात कावळे ओरडतात तेही याच जातीचे. दुसरीकडे अग्नीची प्रतिमा आहे. पोटात आग पडते, डोंब उसळतो. आयुर्वेदाने त्याला जठराग्नी म्हटले. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत स्वतःलाच प्राण्यांच्या देहातला, अन्न पचवणारा वैश्वानर म्हणवतात. लहानपणी जेवणाआधी म्हटलेल्या श्लोकातही जेवण म्हणजे यज्ञकर्म असते. अग्नीला आहुती लागते, ती मिळाली नाही तर तो धुमसतो. रूपक सुरेख आहे आणि हजारो वर्षे टिकले आहे. पण आप्पांच्या बाबतीत अग्नीचे कुंडच गेले होते, एवढ्या उत्तरावर माझे समाधान होईना. भूक लागणे आणि अन्न पचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या रूपकात दिसत नाही.

मग मी आमच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्याकडे गेलो. त्यांनी प्रयोगशाळेतल्या पेटीतून एक जुनी काचपट्टी काढली. प्रात्यक्षिकाला पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला, जठराच्या भिंतीचा आडवा छेद. सूक्ष्मदर्शकात गुलाबी-जांभळा प्रदेश दिसला. वरून खाली उतरणाऱ्या अरुंद विहिरी असाव्यात तशा असंख्य ग्रंथी एकमेकींना खेटून उभ्या होत्या. "या गुलाबी, फुगीर पेशी आम्ल तयार करतात. खाली या जांभळट आहेत त्या पेप्सिन या पाचकरसाचे पूर्वरूप तयार करतात," ते दाखवत गेले. मी विचारले, "आणि भुकेच्या?" ते हसले. म्हणाले, "त्या इथेच आहेत. पण या रंगात त्या ओळखता येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे रंजन करावे लागते."

पुढे वाचताना कळले की शास्त्रज्ञांचीही बराच काळ हीच अडचण होती. पचनमार्गाच्या अस्तरात काही वेगळ्या, कणीदार पेशी आहेत हे जर्मनीत हायडेनहाइन यांनी १८७० साली नोंदवले होते. १९३८ साली ऑस्ट्रियाच्या फायर्टर यांनी अस्तरात विखुरलेल्या फिकट पेशींचे वर्णन केले आणि या विखुरलेल्या पेशी मिळून एक अंतःस्रावी इंद्रियच होते, असे सुचवले. आपल्या ओळखीची अंतःस्रावी इंद्रिये म्हणजे थायरॉइड किंवा अधिवृक्क. ती एका जागी गोळा झालेली असतात, हातात धरता येतात. हे इंद्रिय मात्र सबंध पचनमार्गाच्या अस्तरात एकेका पेशीने पसरलेले आहे. आतड्याच्या अस्तरात शंभरांत जेमतेम एखादी पेशी या जातीची असते. तरी सगळ्या एकत्र केल्या तर शरीरातले हे सर्वांत मोठे अंतःस्रावी इंद्रिय ठरते.

*

जठरात या पेशींची चार-पाच कुळे राहतात आणि प्रत्येकीचे काम ठरलेले आहे. ते समजून घेतल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा.

जठराच्या आतड्याकडील शेवटच्या भागात 'जी' पेशी असतात. त्यांचे एक टोक ग्रंथीच्या पोकळीत उघडते, म्हणजे आलेल्या अन्नाची त्यांना थेट चव घेता येते. प्रथिनांचे तुकडे पोहोचले, जठर ताणले गेले, किंवा मेंदूकडून व्हेगस चेतेमार्फत निरोप आला, की त्या गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. गॅस्ट्रिनला जायचे असते त्याच जठराच्या वरच्या भागात, वितीभर अंतरावर. पण ते रक्तात पडल्यामुळे सरळ जाऊ शकत नाही. शिरांमधून यकृतात, तिथून हृदयात, फुप्फुसांत, पुन्हा हृदयात आणि मग धमनीने परत जठरात, असा सबंध देहाचा फेरा घालून ते शेजारच्या घरी पोहोचते. तिथे त्याची वाट पाहणाऱ्या पेशी निराळ्या. त्या ग्रंथींच्या तळाशी असतात, पोकळीत त्यांचे तोंड उघडत नाही, अन्न त्यांना कधीच दिसत नाही. गॅस्ट्रिन आले की त्या हिस्टामिन सोडतात. हिस्टामिन लगतच्या आम्लपेशींपर्यंत जाते आणि आम्ल पाझरू लागते.

मग हा विस्तव विझवायचा कोणी? त्यासाठी 'डी' पेशी आहेत. आम्ल ठरावीक मर्यादेपलीकडे वाढले की त्या सोमॅटोस्टॅटिन सोडतात. या पेशींना लांब शेपटीसारखे धागे असतात. ते शेजारच्या पेशींपर्यंत पोहोचलेले असतात, आणि रक्तात न जाता, कानात सांगावे तसे, त्या 'पुरे' असे सांगतात. गॅस्ट्रिन थांबते, हिस्टामिन थांबते, आम्ल ओसरते. हेलिकोबॅक्टर या जिवाणूची वस्ती झाली की पुष्कळदा हा 'पुरे' म्हणणारा आवाज क्षीण होतो, गॅस्ट्रिन वाढते, आणि काहींना आतड्याच्या सुरुवातीस व्रण होतो. चूल पेटवणारीइतकीच ती आवरणारीही महत्त्वाची, हे आपल्या घरांना सांगायला नको.

गॅस्ट्रिनच्या शोधाची कथा साहित्याच्या विद्यार्थ्यांनी जरूर वाचावी अशी आहे. १९०५ साली लंडनच्या स्टार्लिंग यांनी 'हॉर्मोन' हा शब्द रूढ केला. ग्रीक धातूचा अर्थ 'चालना देणे'. आपला 'संप्रेरक' हा शब्द त्याला किती नेमका आहे पाहा. त्याच वर्षी जॉन एडकिन्स यांनी जठराच्या शेवटच्या भागाच्या अस्तराचा अर्क काढून दाखवला की त्यात आम्ल स्रवायला लावणारे काहीतरी आहे, आणि त्याला गॅस्ट्रिन हे नाव दिले. पुढे लक्षात आले की असा परिणाम हिस्टामिननेही होतो आणि हिस्टामिन तर शरीरात सर्वत्र सापडते. मग एडकिन्स यांनी पाहिले ते हिस्टामिनच होते, गॅस्ट्रिन वगैरे काही नाही, असे मत बळावले. एडकिन्स १९४० साली वारले तेव्हा त्यांचा शोध जवळजवळ बाद ठरलेला होता. १९६४ साली लिव्हरपूलच्या ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी डुकरांच्या जठरातून गॅस्ट्रिन शुद्ध स्वरूपात वेगळे काढले आणि वाद मिटला. पुढे कळले की ज्या हिस्टामिनच्या साक्षीवरून गॅस्ट्रिनला खोटे ठरवले, ते हिस्टामिन गॅस्ट्रिनचाच निरोप पुढे नेत असते. साक्षीदार खरा होता, साक्षीचा अर्थ चुकीचा लावला गेला. समीक्षेच्या इतिहासात असे किती वेळा घडले असेल, ते आपण जाणतोच.

*

इथवर सारे पचनाविषयी झाले. भूक लावणाऱ्या पेशींचा पत्ता लागायला विसावे शतक संपत यावे लागले.

१९९६ साली मेंदूत एक ग्राहक सापडला होता. ग्राहक म्हणजे निरोप घेणारी जागा. पण तिथे येणारा निरोप कोणता, तो कोण धाडते, हे ठाऊक नव्हते. पेटीला कुलूप आहे, म्हणजे किल्ली असणार, एवढेच. जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी ती किल्ली शोधायला घेतली. १९९९ साली ती सापडली आणि सापडली ती मेंदूत नव्हे, तर उंदराच्या जठरात. अठ्ठावीस अमायनो आम्लांची ती साखळी होती आणि तिच्या तिसऱ्या मण्याला एक मेदाम्ल चिकटलेले होते. ते मेदाम्ल नसेल तर तो ग्राहक तिला ओळखत नाही. नाव ठेवले घ्रेलिन. 'घ्रे' हा 'वाढणे' या अर्थाचा इंडो-युरोपीय मूळ धातू, कारण हे द्रव्य वाढीचे संप्रेरकही स्रवायला लावते. भुकेच्या संप्रेरकाचे नाव वाढीच्या धातूवरून यावे, हे मला फार योग्य वाटले.

घ्रेलिनच्या पेशी मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटाकार भागात असतात आणि बहुतेकींचे तोंड आतल्या पोकळीत उघडत नाही. जेवणाची वेळ जवळ येते तसे रक्तातले घ्रेलिन चढत जाते, जेवल्यावर उतरते. मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांपर्यंत तो निरोप जातो आणि तिथे त्याची भूक होते. अर्थात भूक ही एकट्या घ्रेलिनची मिरास नाही. मेद, स्वादुपिंड, आतडी, मन, आठवण अशा अनेकांचे आवाज तिच्यात मिसळलेले असतात. परंतु जठर पूर्ण काढल्यावर रक्तातले घ्रेलिन सुमारे एक तृतीयांशावर येते, हे मोजून पाहिलेले आहे. शस्त्रक्रियेत व्हेगसच्या शाखाही कापल्या जातात. आप्पांच्या ओसरीवरच्या त्या वाक्याचे स्पष्टीकरण मला इथे मिळाले. वास नाकाचा होता, तो शाबूत होता. आठवण मेंदूतली होती, तीही शाबूत होती. फक्त निरोप धाडणारे गाव उठले होते.

भूक गेलेल्या माणसाला जेवायला घालणे हे एक शास्त्र आहे. डॉक्टरांनी दिवसातून सहा वेळा थोडे थोडे द्यायला सांगितले. एकदम जास्त खाल्ले की अन्न झपाट्याने आतड्यात उतरते आणि घाम, धडधड, भोवळ असा त्रास होतो. ब-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शने कायमची लागली, कारण ते शोषून घेण्यासाठी आवश्यक असलेले द्रव्यही जठरातच तयार होते. मी मोबाइलमध्ये सहा गजर लावून दिले आणि भिंतीवर वजनाचा तक्ता चिकटवला. ज्या पेशींचे काम घ्रेलिनने व्हायचे, ते गजराने होऊ लागले. गजर वाजला की आप्पा कामावर निघाल्यासारखे पाटावर येऊन बसत.

*

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

घ्रेलिनविषयी वाचताना एका प्रयोगाचे वर्णन माझ्या पाहण्यात आले. काही निरोगी माणसांना दिवसभराहून अधिक काळ उपाशी ठेवले आणि थोड्या थोड्या अंतराने त्यांचे रक्त तपासले. अपेक्षा अशी की घ्रेलिन सतत चढत जाईल. तसे झाले नाही. नेहमीच्या जेवणाच्या वेळा आल्या तेव्हा ते चढले आणि वेळ टळून गेल्यावर, अन्नाचा कणही पोटात गेलेला नसताना, आपोआप उतरले. पुढच्या जेवणवेळेस पुन्हा चढले, पुन्हा उतरले. म्हणजे या पेशी पोट रिकामे आहे की नाही एवढेच पाहत नाहीत, त्या सवयीची वेळ पाळतात. वेळेवर हाक मारतात, आणि कोणी ओ दिली नाही तर काही वेळाने गप्प बसतात.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटले. कारण हे वाक्य मी लहानपणापासून रोज ऐकत आलो होतो. "वेळ टळली की भूक मरते." हे मायचे वाक्य.

आमचे एकत्र कुटुंब होते. दुपारी आधी आजोबा, मग आप्पा आणि काका, मग आम्ही पोरे, मग शेतावरचे गडी असले तर ते, मग आजी, आणि सर्वांत शेवटी माय आणि काकू. कळण्याच्या भाकरीच्या टोपल्यात तोवर काय उरे ते उरे. तीन वाजत. कधी आम्ही म्हणायचो, माय, तू जेवली नाहीस का? ती म्हणायची, "मले भूकच नही. मरून गेली." आणि हसून उष्टी भांडी गोळा करायची. आम्ही ते खरे मानले. ती खोटे बोलत नव्हती, हे मला आता प्रयोगशाळेच्या पुराव्याने कळले आहे. अकरा-बाराच्या सुमारास तिच्याही जठराने हाक मारली असणार. तेव्हा ती तव्यापुढे बसून दुसऱ्यांसाठी भाकरी थापत होती. दीडपर्यंत ती हाक विरली असणार. म्हणजे भूक खरोखरच मेली होती. मेली नव्हती ती गरज. निरोप थांबला म्हणून निरोपातली मागणी पूर्ण झाली, असे होत नाही. आम्ही मात्र दोन्ही एकच धरले, कारण ते आम्हाला सोयीचे होते.

फैजपूर हे नाव बहुतेक वाचकांना १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे ठाऊक असते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरींसारख्या इथल्या कार्यकर्त्यांनी आणि साने गुरुजींनी त्यासाठी जिवाचे रान केले. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, गावच्या साहित्यातून अधिवेशनाची नगरी सजवली. या अधिवेशनाचे मोठे फलित म्हणजे शेतीविषयक कार्यक्रम. खंड आणि शेतसारा कमी व्हावा, कर्जाचा बोजा हलका व्हावा, सरंजामी वसुली बंद व्हावी, शेतमजुराला पोटापुरती मजुरी मिळावी, अशा त्यातल्या मागण्या. देशाच्या राजकारणाने शेतकऱ्याची भूक कागदावर मांडली, त्या प्रसंगाला आमच्या गावाचे नाव आहे याचा मला आजही अभिमान वाटतो. आजोबा ते अधिवेशन पाहून आले होते आणि त्याविषयी मरेपर्यंत बोलत. पण त्या कागदावरचा हिशेब घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबत होता. घरात आलेली भाकरी कोणत्या क्रमाने वाटली जाते, हा प्रश्न कोणत्याही ठरावात नव्हता. आजोबांच्या बोलण्यातही नव्हता. माझ्याही नव्हता. मी वीस वर्षे वर्गात भुकेवरच्या कविता शिकवल्या, आणि घरी पहिल्या पंगतीला बसत आलो.

या प्रदेशाच्या बोलीला मराठी साहित्यात मानाचे स्थान मिळाले ते आसोद्याच्या बहिणाबाईंमुळे. त्या निरक्षर होत्या. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि आप्तांनी उतरवून ठेवली आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, ती पुस्तकरूपाने आली. ती उतरवली गेली नसती तर आज आपल्यापाशी काय असते? गाणारी बाई घरातच होती, रोज गात होती. ऐकणाऱ्याने ते लिहून ठेवण्याजोगे मानले, म्हणून ते उरले. मायचे 'भूक मेली' हे वाक्य मी हजारदा ऐकले आणि एकदाही टिपून घेतले नाही.

*

आप्पांच्या शस्त्रक्रियेला चार महिने झाले असतील. तपासणीसाठी गेलो असता परिचारिकेने आप्पांना वजनकाट्यावर उभे केले. एकोणपन्नास किलो. मी तक्त्यासाठी आकडा टिपून घेतला. काटा रिकामा झाला तेव्हा परिचारिका मायला सहज म्हणाली, "आजी, तुम्हीपण उभ्या राहा." माय लाजली, चप्पल काढून वर चढली. अडतीस. परिचारिकेने माझ्याकडे पाहिले. मायला कुठलाही आजार नव्हता. तिच्या पोटात जठर संपूर्ण, शाबूत होते. घरातल्या कोणी तिचे वजन त्याआधी केल्याचे मला आठवत नाही. घरी आल्यावर मी भिंतीवरच्या तक्त्यात दुसरा रकाना आखला.

त्याच सुमारास डॉक्टरांनी सुचवले की आप्पांना एकट्याने जेवायला बसवू नका, कोणी सोबत खाणारे असले की दोन घास जास्त जातात. मी कॉलेजात, पत्नी शाळेत. घरी मायच असायची. सत्तरी ओलांडलेल्या बाईला नवऱ्याच्या ताटाशेजारी ताट मांडून, त्याच्याबरोबर, गजर वाजताच जेवायला बसायचे होते. पहिले काही दिवस ती नुसती बसायची. मग अर्धी भाकरी घेऊ लागली. सकाळी आठ, साडेदहा, एक, चार, सात, रात्री नऊ. आप्पांसाठी लावलेले गजर तिच्यासाठीही वाजू लागले.

पेशींना सवय लावता येते, हे मी वाचले होते. जेवणाच्या वेळा बदलल्या की काही काळाने घ्रेलिनच्या वेळाही त्यांच्यामागे सरकतात. पण वाचणे वेगळे. जूनमधल्या एका रविवारी मी घरी होतो. पहिला पाऊस होऊन गेला होता. बाहेर केळीच्या बागेत कामाला गेलेल्या बायकांचे आवाज येत होते. साडेदहाला अजून पंधरा मिनिटे होती. माय गहू निवडता निवडता थांबली, सूप बाजूला ठेवले आणि जरा ओशाळल्यागत म्हणाली, "मले भूक लागली."

घरात कोणी काही बोलले नाही. हे वाक्य तिच्या तोंडून मी त्याआधी ऐकले होते का, ते मी आठवू लागलो. आप्पा खाटेवर पडले होते. ते उठून बसले आणि तिच्याकडे टक लावून पाहू लागले. ती चूक झाल्यासारखी म्हणाली, "असू द्या, गजर होऊ द्या."

"गजर कशाला पाहिजे?" आप्पा म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "कशी लागते गं?"

माय त्यांच्याकडे पाहत राहिली. "तुम्ही इसरले का?"

"हो," आप्पा म्हणाले.

तिने काय सांगावे याचा विचार केला. शब्द सापडले नसावेत. ती उठली, टोपलीतून एक भाकरी काढली, तिचे दोन तुकडे केले आणि दोन ताटे मांडली. त्या दिवशी गजर वाजला तेव्हा दोघे जेवत होते. मी उठून तो बंद केला.